नाण्यांचा जुना ग्रुप: व्हॉट्सअ‍ॅपवरच आवरायचा की टेलिग्रामवर हलवायचा?

नाणी जमवणाऱ्यांचा आमचा कट्टा ऑर्कुटवर जमला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुटच बंद झालं, तेव्हा मंडळी हाताशी होतं त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली. पुढे २५६ माणसांचा ग्रुप भरला म्हणून 'नाणी २' काढला. तेव्हापासून एकच फोटो दोन्हीकडे टाकायचा आणि उत्तरं दोन्हीकडे शोधायची, असा खेळ चालला. गेल्या वर्षी तो आवरायला घेतला. तुमचाही तिकिटांचा, गडांचा किंवा कुंड्यांचा असाच पिकलेला ग्रुप असेल, तर आमचा हिशेब बघा.

आहोत तिथेच राहून दोन्ही ग्रुप एका कम्युनिटीखाली आणणं ही पहिली वाट. आता एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात, त्यामुळे दोनाचा एक करणंही अवघड नाही. मुख्य म्हणजे सगळे आधीच तिथे आहेत. आमच्यात सत्तरी ओलांडलेले बरेच जण. त्यांना "नवीन अ‍ॅप घ्या" म्हटलं की पुढचा अर्धा तास फोनवर ओटीपी समजावण्यात जातो. शिवाय तिथली ग्रुपातली बोलणी टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) असतात, म्हणजे ग्रुपातल्यांशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. टेलिग्रामच्या ग्रुपात तसं नाही, ती त्यांच्या सर्व्हरवर राहतात. तुमच्या ग्रुपात खाजगी गोष्टी किंवा मोठे व्यवहार चालत असतील, तर इथेच थांबलात तरी मी वाद घालणार नाही.

मला टेलिग्रामकडे ढकललं ते एका शिवराईने, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याने.

एका नव्या मुलाने फोटो टाकला: "शेतात सापडली, खरी आहे का?" हा प्रश्न आम्हाला महिन्यातून दोनदा तरी येतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति', अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, इतकं कुणीही सांगतं. (शेतात सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांवर असली तर कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे, हेही दर वेळी सांगावं लागतं.) पण खऱ्याखोट्याचं उत्तर आमच्या सरांनी २०१८ मध्ये एकदा सविस्तर दिलं होतं, एकेका अक्षराचं वळण दाखवून. सर आता नाहीत. तो मजकूर माझ्या फोनमध्ये मिळाला, पण सुरुवातच अशी: "वरच्या फोटोतल्या 'श्री'ची वेलांटी बघा." वर फोटोच्या जागी नुसता धुरकट चौकोन. फोन बदलताना बॅकअपमध्ये फोटो घ्यायचे मीच विसरलो होतो.

चूक माझी, कबूल. पण आठ-दहा वर्षांचं सामायिक ज्ञान एका विसरभोळ्या माणसाच्या मोबाइलवर अवलंबून असावं, हे मला झेपेना. व्हॉट्सअ‍ॅप निरोप पोचवण्यासाठी बनलंय, जपणं ज्याचं त्याने बघायचं. आज आलेल्या माणसाला २०१८ चं काही दिसणार नाही. टेलिग्रामवर ग्रुपच्या सेटिंगमध्ये नव्यांसाठी मागचा इतिहास उघडा ठेवला, की काल आलेला मुलगाही पहिल्या दिवसापर्यंत मागे जाऊ शकतो, आणि फोटो कुणाच्या फोनवर नसतात. नंबर लपवता येतो हा वरचा फायदा. प्रत्येकाला तेवढं सेटिंग करायला लावा; आमच्या दोन ताई त्याशिवाय यायला तयारच नव्हत्या.

हलवणं वाटलं त्यापेक्षा सोपं आणि अपुरं निघालं. व्हॉट्सअ‍ॅपमधून चॅट एक्स्पोर्ट करून थेट टेलिग्रामच्या ग्रुपात ओतता येतं, ही सोय २०२१ पासून आहे. पण फोटोंसकट काढलं तर ताजे दहाएक हजारच संदेश निघतात. बडबड्या 'नाणी १' मध्ये तेवढ्यात जेमतेम दीड वर्ष मागे गेलो, त्यातही निम्मे सुप्रभात. 'नाणी २' मात्र शांत. तिथल्या नाशिकच्या एका काकांनी फोन बदलला नव्हता आणि आयुष्यात एक फोटो पुसला नव्हता. त्यांना टेलिग्रामच्या ग्रुपात एका संध्याकाळपुरतं अ‍ॅडमिन केलं, व्हिडिओ कॉलवर बटणं दाखवली आणि त्यांच्या दहा हजारांत २०१८ आलं. सरांनी शिवराईचा फोटो तेव्हा दोन्हीकडे टाकला होता. ज्या दुहेरी कामाला आम्ही वैतागलो होतो, त्यानेच तो वाचवला.

टेलिग्रामवर सगळं गोड आहे असं नाही. साधारण तिसरा हिस्सा मंडळी आलीच नाहीत, आणि क्रिप्टोवाले पाहुणे अधूनमधून हाकलावे लागतात. शोधाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच: निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्यामुळे 'शिवराई' शोधून निम्मंच सापडतं. जुना ग्रुप आम्ही बंद केला नाही. वाढदिवस आणि दिवाळी तिकडेच होते. नुसत्या गप्पांचा ग्रुप असेल तर मी हलवायच्या भानगडीत पडलोच नसतो.

शिवराईवाला मुलगा दोन रात्री मागचं वाचत बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "हे सर कोण? त्यांचा नंबर मिळेल का?"