इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी : कपाशीवर कितपत कामाचं?

जळगाव-धुळ्याकडे कृषी केंद्रात बोंडअळीचं औषध मागितलं की बहुतेक वेळा हीच पुडी पुढे येते. एसजी म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणे. औषध चांगलं आहे. पोटात गेल्यावर काही तासांतच अळीचं खाणं थांबतं, मरायला मात्र दोन-चार दिवस लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळी हलताना दिसली तरी लगेच पुन्हा फवारू नका.

मात्रा 10 लिटरला 4 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पाठीवरच्या पंपाला 6 ग्रॅम. वाढलेल्या कपाशीला एकरी 200 लिटर पाणी धरलं तर 80 ग्रॅम पुरतं. चूक होते ती इथेच. 100 ग्रॅमची पुडी सहा-सात पंपांत उरकली जाते. मग वरच्या पानांवर दुप्पट औषध बसतं आणि खालची पाती (फुलांच्या कळ्या) आणि बोंडं कोरडीच राहतात. झाकणाने अंदाज न घेता काट्यावर मोजा, आधी बादलीत नीट विरघळवा, मग गाळून पंपात ओता.

गुलाबी बोंडअळीसाठी वेळ चुकली की पैसे गेले. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि आतल्या अळीपर्यंत कुठलीच फवारणी नीट पोचत नाही. म्हणून एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले, किंवा 20 हिरवी बोंडं फोडल्यावर दोनात अळी निघाली, की फवारा. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कपाशीला फुलं लवकर येतात, तिथे सापळेही लवकर हवेत.

फवारणी संध्याकाळीच. उन्हात पानावरचं औषध लवकर निकामी होतं, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. ओला फवारा त्यांच्यासाठी जीवघेणा आहे. पाण्यातल्या जिवांनाही हे औषध फार विषारी, त्यामुळे पंप पाटात, नाल्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. धुतलेलं पाणी त्याच वावरात फवारून टाका. फवारणाऱ्या सालदाराला हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा द्या. ही मालकाची जबाबदारी आहे. शेवटच्या फवारणीनंतर वेचणीआधी 10 दिवस सोडा.

लागोपाठ हेच मारलं तर अळी दाद देईनाशी होते. पुढच्या वेळी क्लोरअँट्रानिलिप्रोल 18.5 एससी, 10 लिटरला 3 मिली घ्या. अबामेक्टिन नको, ते याच गटातलं आहे.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी असेल तर मात्र ही पुडी घेऊच नका. रसशोषक किडींसाठी हे औषध नाही.