दिल्लीहून उतरलेली मोठी गाडी, बेळगावात: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी सात सीटची, डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. मॉडेल 2017 चं, मूळ पासिंग दिल्लीचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे आहे ते या अख्ख्या जातकुळीला लागू पडतं. राहायला शहापुरात आणि शेत जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. तिकडचा एक पावसाळा निघाला म्हणजे गाडीची परीक्षा झालीच.

आधी पैशाचं सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. दिल्ली आणि एनसीआरमध्ये, म्हणजे आसपासच्या पट्ट्यात, दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायची नाही, असा हरित लवादाचा आदेश निघाला. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो उचलून धरला. नंतर कोर्टात बरंच वरखाली झालं, पण तिथले मालक एकदा धसकले ते धसकलेच. सात-आठ वर्षांची गाडी झाली की काढून टाकतात. तीच गाडी आपल्याकडं पंधरा वर्षांच्या पासिंगवर आरामात चालते. मला ती चार मीटरच्या आत बसणाऱ्या नव्या लहान गाडीच्या किमतीत पडली.

वर कर्नाटकाचा रोड टॅक्स. नव्या गाडीची किंमत 20 लाखांवर गेली की लाइफटाइम टॅक्स 18 टक्के. बाहेरून आणलेल्या गाडीला वयाप्रमाणं कमी बसतो, पण बसतो. शिवाय बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. कोल्हापूरच्या मेहुण्याच्या नावावर एमएच 09 घेऊन इकडं फिरवणारे आहेत, त्यांची रात्रीच्या तपासणीला काय तारांबळ उडते ते बघितलंय. मी एनओसी आणून, टॅक्स भरून बेळगावचा केए 22 नंबर करून घेतला. एजंटानं दमवलं, पण झालं.

गाडी दारात आली त्या दिवशी गल्लीतले मामा म्हणाले, "मोठी गाडी घेतलास की रे! जिल्हा पंचायतीला उभारणार काय?" त्यांची पिढी तशी. त्यांच्या डोळ्यांसमोर आधी महिंद्राची जीप, मग 1994 ची सुमो. सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं त्या गाडीला दिलेली, हे मामा अजून अभिमानानं सांगतात. पुढं 1998 ला सफारी, 2002 ला स्कॉर्पिओ आणि 2009 ला फॉर्च्युनर आली. कारखान्याचे संचालक, कंत्राटदार, लेआउट पाडणारे, सगळ्यांची पांढरी गाडी. रुबाबाची बाकीची साधनं कायद्यानं एकेक करून काढून घेतली, हेही त्यामागं आहे. काचांची काळी फिल्म 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंद केली, लाल दिवा 1 मे 2017 पासून गेला, त्याच वर्षी पुढच्या लोखंडी गार्डवरही टाच आली. मग उरलं काय, तर नुसता आकार.

आणि आकारही स्वस्त झाला. मामांच्या नातवानं गाडीकडं बघून पहिला प्रश्न काय विचारला, तर "दिल्लीची काय?" तिथंच कळलं. पूर्वी लोक विचारायचे गाडी कुणाची आहे, आता विचारतात सेकंडला कितीला पडली.

अमेरिकेत हे आधीच होऊन गेलं. लष्करी हम्वीची नागरी आवृत्ती 1992 मध्ये विकायला काढली, 2002 ला हमर एच2 आली आणि नट, खेळाडू, बिल्डर सगळे तिच्यामागं लागले. जुलै 2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं, पुढच्या वर्षी जनरल मोटर्सनं दिवाळखोरी जाहीर केली, चिनी कंपनीला हमर विकायचा सौदा फिसकटला आणि 2010 मध्ये ब्रँडच गुंडाळला. (नंतर तेच नाव इलेक्ट्रिक गाडीवर परत आलं, हा भाग निराळा.) आपल्याकडं तेलानं तेवढं मारलं नाही. आपल्याकडं मारलं ते चार मीटरच्या नियमानं. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन लहान ठेवलं की कर कमी, म्हणून कंपन्यांनी उंच बसायची सोय छोट्या गाडीत करून दिली, वर सनरूफ. माझ्या गाडीसारख्या मोठ्या गाडीला आधी 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के सेस होता. सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के झालाय, तरी फरक आहेच.

आता वापर. गावात ही गाडी म्हणजे डोकेदुखी. लांबी पावणेपाच मीटरच्या वर, वजन दोन टनांच्या वर. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात न्यायची नाही, ठरवूनच टाकलंय. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं आणि मागं फिरायचं म्हटलं, तर उसाची ट्रॉली वळवल्यासारखं तीनदा पुढंमागं करावं लागतं. तोवर मागचे हॉर्न मारून जीव खातात. ॲव्हरेज गावात नऊ, हायवेला संकेश्वर-निपाणी गेलो तर बारा-साडेबारा. टायर अठरा इंची, एकेक पंधरा हजारांच्या पुढं. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. तिथं भाताची पोतीच बरी बसतात.

आईला चढता येत नाही. फुटबोर्ड आहे, पण तोच तिच्या गुडघ्याच्या वर. डिकीत देव्हाऱ्यापुढचा जुना पाट ठेवलाय. तो खाली मांडायचा, एक हात दाराच्या कडीला, एक माझ्या खांद्यावर. एका लग्नाला मंगल कार्यालयाच्या दारात हा सोहळा चालला होता, तर वॉचमननं शिट्टी मारून गाडी बाहेर लावायला सांगितलं, आत बसत नाही म्हणून. नवरानवरीसाठी फुलं लावून उभी होती ती सनरूफवाली लहान गाडी. आई म्हणाली, "ती बरी होती बघ, बसायला सोपी."

पण जांबोटी सोडल्यावर हीच गाडी वेगळी वाटते. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगवते, तिथला पाऊस माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. डांबर संपून शेताकडची लाल वाट लागते, ती जुलैत नुसता राडा. तिथं थांबून गिअर न्यूट्रलला टाकायचा, नॉब फोर-एल वर, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरवर फिरवायचा, खालून एक खट्ट आवाज येतो, मग ॲक्सिलरेटरला जवळजवळ पाय न लावता गाडी चालत सुटते. मागच्या वर्षीपर्यंत लहान गाडी अलीकडं लावून गमबूट घालून चालत जायचो. यंदा भात लावणीच्या बायकांना पावसात दारापर्यंत सोडलं. ओढ्याला पाणी चढलं की मात्र हिच्यातूनही जायचं नाही. दोन टनांची गाडीही पाणी उचलतं.

कुणी अशीच घेणार असेल तर इंजिनाआधी फोर-एल टाकून बघा. दिल्लीत ती बहुतेकांनी कधी वापरलेलीच नसते, ती जोडणारा ॲक्च्युएटर जाम असतो, आणि खर्च मोठा निघतो. माझ्या गाडीचाही जाम होता, विकणाऱ्याकडून त्याचे पैसे कापून घेतले. एसी आणि सस्पेन्शनच्या बुशांसाठी थोडे बाजूला ठेवा. बँकेचा बोजा उतरल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. आणि शेत, घाट, चिखल यातलं काही नसेल, नुसतं गावातल्या गावात आरपीडी क्रॉस ते कॅम्प फिरवायचं असेल, तर त्याच पैशात सनरूफवाली घ्या, घरची म्हातारी माणसं दुवा देतील.