बाबांच्या मस्कतच्या ड्राफ्टांचा हिशोब आणि रिझर्व्ह बँकेचे जुने दर: वापरून बघितलं, साडेतीन स्टार

आमचे बाबा १९८४ ला चिपळूणहून मस्कतला गेले आणि तिथून दर महिन्याला ड्राफ्ट पाठवायचे. त्या सगळ्या स्लिपा आईने एका कच्च्या वहीत टाचणीने लावून ठेवल्यात, टाचण्या आता गंजल्यात पण आकडे अजून स्वच्छ वाचता येतात, डावीकडे रियाल आणि उजवीकडे रुपये. यंदा गणपतीत घरी होतो तेव्हा ठरवलं की बाबांना त्या त्या वेळी रियालमागे किती रुपये मिळाले आणि खरा दर काय होता हे एकदा नीट लावून बघायचं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवरचे जुने दर वापरले, त्याचाच हा रिव्ह्यू. ज्यांच्या घरात आखातातला पैसा आलाय त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तिथे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे रोजचा रेफरन्स रेट (त्या दिवसाचा जाहीर केलेला अधिकृत दर), तारीख टाकली की डॉलर, पौंड, युरो आणि येनचा दर येतो (येनचा १०० येनमागे असतो, तेवढं लक्षात ठेवा). जुलै २०१८ पर्यंत हा दर रिझर्व्ह बँक स्वतः काढायची, नंतर ते काम एफबीआयएलकडे (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या कंपनीकडे) गेलं. हे चालतं मस्त, फुकट आहे, लॉगिन लागत नाही, एक्सेलमध्ये उतरवून घेता येतं. सुट्टीच्या दिवशी दर नसतो, मग आदल्या दिवसाचा घ्यायचा. पण ऐंशीच्या दशकातल्या ड्राफ्टांना याचा काही उपयोग नाही, तेवढं मागे ते जातच नाही. त्यासाठी दुसरी गोष्ट, रिझर्व्ह बँकेच्या हँडबुकमधला (आकडेवारीच्या पुस्तकातला) डॉलरच्या वार्षिक सरासरीचा तक्ता, तो १९७०-७१ पासून आहे, म्हणजे डॉलर साडेसात रुपये होता तिथपासून.

ओमानचा रियाल यात कुठेच नाही. पण रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका रियालला २.६००८ डॉलर, म्हणून डॉलरच्या दराला त्याने गुणलं की झालं असं मला वाटलं. एका कन्व्हर्टर साईटवर पण तसंच होतं (नाव घेत नाही), १९८४ चं वर्ष टाकलं तर रियाल एकतीस रुपयांच्या आत दाखवला. आणि वहीत तर स्पष्ट चौतीस लिहिलंय! दोन दिवस मी स्लिपा उलटसुलट करत बसलो, बाबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "अरे, शहाऐंशीला रियाल पडला होता ना, आठवत नाही का तुझ्या आईला?" आईला बरोबर आठवत होतं. वही उघडून दाखवली, डिसेंबर १९८५ ला १०० रियालचे ३,४८० आणि फेब्रुवारी १९८६ ला त्याच १०० रियालचे ३,१७०. पगार तोच, काम तेच, आणि घरी तीनशे दहा रुपये कमी आले. त्या काळात आमचं महिन्याचं वाणसामान त्याच्या आसपास यायचं.

झालं असं होतं की जानेवारी १९८६ मध्ये ओमानने रियाल साधारण दहा टक्क्यांनी उतरवला, त्याआधी एका रियालला २.८९५ च्या आसपास डॉलर मिळायचे. त्यामुळे डॉलरची १९८४-८५ ची सरासरी ११.८९ घेऊन तिला २.८९५ ने गुणलं की ३४.४ येतात, वहीशी जुळलं. १९८६-८७ ला डॉलर १२.७८ पर्यंत गेला, म्हणजे रुपया घसरला, पण रियाल ३३ च्या आसपासच राहिला. नुसता डॉलरचा दर बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आता सरासरीचा दोष सांगतो, एक स्टार तिथेच कापला. १९९०-९१ ची सरासरी १७.९४ आणि १९९१-९२ ची २४.४७, मधे काय घडलं ते तक्त्यात दिसत नाही. १ आणि ३ जुलै १९९१ ला दोन टप्प्यांत रुपया उतरवला, डॉलर २१ च्या आसपास होता तो दोन-तीन दिवसांत २५-२६ वर गेला. बाबांची जूनची स्लिप १५० रियाल, ८,१३० रुपये. जुलैची पण १५० रियाल, ९,९९० रुपये. भागून बघितलं तर ५४.२ आणि ६६.६. त्या ९,९९० च्या स्लिपेवर आईने पेनाने खूण केलीय, आमच्या घराच्या स्लॅबचे पैसे त्यातून दिले म्हणून. पेपरात तेव्हा सोनं गहाण, देश अडचणीत असं सगळं येत होतं आणि आमच्याकडे त्याच महिन्यात सिमेंट आलं, हे दोन्ही एकदम डोळ्यासमोर आलं तेव्हा मला बराच वेळ काही सुचेना.

अजून एक, १९७० च्या आधी मस्कतला आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या तस्करीमुळे आपलं परकीय चलन बाहेर जायला लागलं म्हणून १९५९ ला रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, नंबरच्या आधी झेड असायचा. कुवेत आणि बहरीनने त्या आधीच सोडल्या होत्या, १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बाकीच्यांनीही सोडल्या, ओमानने १९७० पर्यंत चालवल्या आणि मग २१ रुपयांना एक रियाल असा बदलून दिला. २०२२-२३ ची सरासरी धरली तर तोच रियाल २०९ रुपये होतो.

तर वापरायचं असेल तर जरूर वापरा, आकडे विश्वासाचे आहेत, माझ्या वहीतल्या स्लिपा अधिकृत दरापेक्षा दीड-दोन टक्के खाली निघाल्या, तो ड्राफ्ट देणाऱ्याचा नफा. दुबई (३.६७२५ दिरहमला एक डॉलर, १९९७ पासून) आणि सौदीला (३.७५ सौदी रियालला एक डॉलर, १९८६ पासून) पण हीच पद्धत चालेल, फक्त गुणण्याऐवजी भागायचं. कुवेतवाल्यांनी मात्र असं करू नका, दिनार २००३ ते २००७ एवढाच काळ डॉलरला बांधलेला होता, १९७५ पासूनची बाकी वर्षं अनेक चलनांच्या टोपलीवर, म्हणजे बऱ्याच चलनांचा मिळून दर धरून. आमचे काका कुवेतला होते, त्यांच्या स्लिपा काकूने गोधडीच्या पेटीत ठेवल्यात असं कळलंय, दिवाळीत आणायला जाणार आहे.