एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी : पुराव्यानिशी केलेली नक्कल

संगीताच्या सीडी संगणकावर उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची वानवा नाही. परंतु उतरवलेली प्रत मूळ सीडीशी तंतोतंत जुळते की नाही, आणि जुळत नसेल तर नेमकी कुठे, हे सांगण्याची तसदी त्यांतील बहुतेक घेत नाहीत. आंद्रे वीटहॉफ या जर्मन प्रोग्रामरने १९९८ साली आणलेले आणि घरगुती वापरासाठी आजही विनामूल्य असलेले ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ (ई.ए.सी.) हे विंडोजवरचे सॉफ्टवेअर मात्र ही तसदी घेते, आणि म्हणूनच त्याचा किचकटपणा मी सोसत आलो आहे.

सीडीवरचे संगीत आधीच डिजिटल असते, मग नक्कल करण्यात अवघड ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण सीडीच्या रचनेतच आहे. डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (माहितीच्या ठरावीक तुकड्यात) प्रत्यक्ष माहितीला २०४८ बाइट मिळतात आणि उरलेली जागा मुख्यतः चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. संगीताच्या सीडीत मात्र सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाला दिलेले असतात. दुरुस्तीचा एक थर तिथेही असतो, पण ओरखडा त्याच्या आवाक्याबाहेरचा असेल तर वाचता न आलेली जागा शेजारच्या नमुन्यांवरून (क्षणोक्षणी मोजलेल्या आवाजाच्या आकड्यांवरून) अंदाजाने भरून काढली जाते. ऐकणाऱ्याची त्यामुळे सोय होते. नक्कल करणाऱ्याची मात्र फसगत होते, कारण फाइल तयार होते, वाजतेही, आणि तिच्यातली ठिगळे कुठे आहेत याचा पत्ता लागत नाही.

ई.ए.सी.चा ‘सिक्युअर मोड’ ड्राइव्हच्या पहिल्या उत्तरावर विसंबत नाही. प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो, आणि दुसरे वाचन ड्राइव्हने आपल्या कॅशमधूनच (तात्पुरत्या साठ्यातूनच) परत देऊ नये याचीही व्यवस्था त्यात आहे. दोन वाचने जुळली नाहीत, तर तो भाग सोळा-सोळाच्या फेऱ्यांत पुन्हा वाचला जातो. सोळांपैकी आठ उत्तरे एकसारखी आली तरच ते ग्राह्य धरले जाते. सर्वांत कडक सेटिंग ठेवल्यास अशा पाच फेऱ्यांपर्यंत मजल जाते, म्हणून खराब सीडी असेल तर एकाच गाण्याला तासभर लागला तरी नवल नाही.

नाट्यसंगीताच्या एका जुन्या सीडीवर हा प्रकार मला जवळून पाहायला मिळाला. बहुतेक पदे सुरळीत उतरली. एका पदाच्या मध्यावर मात्र वेग एकदम मंदावला, खिडकीतले लाल दिवे एकामागून एक पेटत गेले, आणि शेवटी अहवालात ‘सस्पिशस पोझिशन’ अशी नोंद मिनिट-सेकंदांसह आली. त्याच खिडकीतून तेवढाच तुकडा वाजवून पाहता येतो. हेडफोन लावून ऐकल्यावर तानेच्या मध्ये बारीकसा ‘टक्’ ऐकू आला. सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून (गोलाकार पुसल्याने पडणारे ओरखडे ट्रॅकच्या दिशेनेच जातात आणि दुरुस्तीला जास्त जड जातात) तेच पद पुन्हा उतरवले, तेव्हा नोंदही गेली आणि ‘टक्’ही. अहवालातील ‘ट्रॅक क्वालिटी’ तरीही शंभर टक्के दाखवत नव्हती, पण त्याने बिचकण्याचे कारण नाही. तो आकडा पुनर्वाचन किती करावे लागले एवढेच सांगतो.

पडताळणीचा दुसरा आधार म्हणजे ‘ॲक्युरेटरिप’ हा सामायिक माहितीसाठा. तुमच्या प्रतीची बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली पडताळणीची संख्या) इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या बेरजांशी ताडली जाते, आणि जुळली तर शंका उरत नाही. त्यासाठी आधी ड्राइव्हचा ‘ऑफसेट’ ठरवावा लागतो, कारण प्रत्येक मॉडेल काही नमुने पुढे किंवा मागे सरकून वाचते. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना तीस नमुन्यांचा फरक कानाला कळणार नाही, पण बेरीज मात्र जुळणार नाही. मराठी श्रोत्याची खरी अडचण याच टप्प्यावर येते: भावगीते, नाट्यपदे, कीर्तने यांच्या माझ्याकडील बऱ्याच सीडींना ‘माहितीसाठ्यात नाही’ असेच उत्तर मिळाले. ऑफसेट ठरवण्यासाठी त्यामुळे जगभर खपलेला एखादा इंग्रजी अल्बम घालावा, आणि मराठी सीडींसाठी ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरावे, ज्यात प्रत्येक गाणे दोनदा उतरवून दोन्हींची बेरीज ताडली जाते. एकच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो, हे लक्षात घेऊन महत्त्वाची सीडी दुसऱ्या ड्राइव्हवरही तपासलेली बरी.

दोष सांगायचे तर पहिला म्हणजे सेटिंगचे जंजाळ. खिडक्यांवर खिडक्या, आणि ‘सी-टू’सारखे पर्याय, जे ड्राइव्हच्या चुका कळवण्याच्या क्षमतेवर भरवसा ठेवतात. माझ्या मते ‘सी-टू’ बंदच ठेवावा. दुसरे, गाण्यांची नावे आपोआप येतात खरी, पण मराठी सीडींची नावे आली तरी रोमन लिपीत आणि मन मानेल त्या स्पेलिंगने येतात. देवनागरीत नावे लिहिता येतात. ती उतरवण्यापूर्वीच लिहावीत, कारण फाइलींची नावे त्यांवरूनच पडतात. मैफलीच्या सीडीत विलंबित ख्यालातून द्रुत बंदिश सुरू होताना मध्ये खंड नसतो, अशा वेळी ‘क्यू शीट’ही (कोणते गाणे कुठे सुरू होते याची नोंद असलेली छोटी फाइल) तयार करून ठेवावी, म्हणजे मूळ क्रम आणि मधली अंतरे जशीच्या तशी राहतात.

तासाभराचे संगीत मूळ रूपात सुमारे ६३५ एमबी जागा घेते. एक नमुनाही न गमावता ते ‘फ्लॅक’ या फाइल-प्रकारात साठवल्यास साधारण निम्म्या जागेत बसते, आणि अहवालाची फाइल त्याच फोल्डरमध्ये राहू द्यावी. मॅक वापरणाऱ्यांना ई.ए.सी. उपयोगाचे नाही, त्यांनी ‘एक्स लॉसलेस डिकोडर’ पाहावे. शेकडो सीडी उतरवायच्या असतील आणि पैसे मोजायची तयारी असेल, तर ‘डीबीपॉवरॲम्प’ तेच काम कमी कटकटीत करते. कपाटातल्या एकदोन खणांसाठी मात्र मी ई.ए.सी.च निवडेन.