विकल्या गेलेल्या वाड्यातील भाडेकरूंसाठी सल्ला : सिव्हिल लाइन्समधील एका वकील कार्यालयाचा अनुभव

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा न्यायालयापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, प्रामुख्याने घरमालक-भाडेकरू प्रकरणे पाहणारे एक वकील दाम्पत्य सल्ला देते. महालातील आमचा वाडा विकला गेल्यावर तिथल्या तिन्ही बिऱ्हाडांनी मिळून त्यांची सेवा घेतली. खरेदीखत होताच नव्या मालकाने अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) पुढे केला होता आणि ‘फक्त मालकाचे नाव बदलायचे आहे’ असे सांगून आमच्या सह्या मागितल्या होत्या. त्या कागदावर सही करू नका, एवढा एकच सल्ला मिळाला असता तरी शुल्क वसूल झाले असते.

वकीलबाईंनी आमची हकीकत ऐकण्याआधी कागद मागितले. दोऱ्यात ओवलेल्या जुन्या भाडेपावत्यांचा गठ्ठा त्यांनी एकेक करून पाहिला, महसुली तिकिटावरून गेलेली जुन्या मालकांची सही आणि ‘मासिक भाडे’ हे शब्द जिथे स्पष्ट होते तिथे पेन्सिलीने खूण केली, आणि ज्या वर्षांच्या पावत्या नव्हत्या ती वर्षे वेगळी लिहून घेतली. मालकी खरोखर कोणाच्या नावावर चढली आहे हे पाहण्यासाठी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढायला सांगितली. त्यानंतर कायदा समजावला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ नुसार इमारत विकत घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याचे हक्क मिळतात तशी त्याची बंधनेही अंगावर येतात, आणि नुसत्या विक्रीने भाडेकरूचा हक्क संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण नव्या मालकाविरुद्धही टिकते. मात्र भाडेकरूने स्वतः लिव्ह अँड लायसन्सवर सही केली, तर मुदत संपताच मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन कब्जा मागू शकतो आणि त्यापुढच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मागू शकतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा गावभर पसरलेला समजही त्यांनी खोडून काढला. कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते.

आमच्यातील वडीलधारी मंडळी अजून १९४९ च्या सी. पी. अँड बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेशाच्या हिशेबाने बोलत होती, कारण त्या काळी विदर्भात भाडेकरूला नोटीस देण्यासाठीसुद्धा घरमालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. १९९९ चा अधिनियम लागू झाल्यावर, ३१ मार्च २००० पासून, ती व्यवस्था मागे पडली, हे त्यांना न दुखावता सांगणे सोपे नव्हते. वकीलसाहेबांनी ते नेटकेपणाने केले.

पुढे नव्या मालकाने भाडे घेणेच बंद केले. थकबाकी दाखवून दावा लावण्याची ही ठरलेली युक्ती आहे. कार्यालयाने दर महिन्याचा धनादेश पोचपावतीसह टपालाने पाठवायला लावला आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलेला लिफाफा न फोडता जपून ठेवायला सांगितले. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ नुसार लेखी मागणीनंतर ९० दिवस उलटल्याशिवाय थकबाकीचा दावा लावता येत नाही, हेही त्याच वेळी कळले. वाडा पाडून नवी इमारत बांधायची असेल, तर मालकाकडे पुरेसा पैसा आणि तयार आराखडे आहेत, तसेच नव्या इमारतीत भाडेकरूंच्या जागेची तरतूद आहे, याविषयी न्यायालयाची खात्री पटावी लागते. पाणी किंवा वीज तोडून कोणाला हुसकावता येत नाही. त्याच अधिनियमाचे कलम २९ त्यासाठीच आहे.

वाडा विकण्याआधी भाडेकरूंना विचारायला हवे होते का, असे मी मुद्दाम विचारले. उत्तर सरळ ‘नाही’ असे आले. या कायद्यात भाडेकरूला खरेदीचा पहिला हक्क नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, जिथे जमीन मालकाची आणि तीवरचे फिरते घर रहिवाशाचे असते अशा वसाहती विकण्यापूर्वी मालकाने रहिवाशांना ६० दिवसांची सूचना द्यावी आणि त्यांच्या प्रस्तावाचा प्रामाणिकपणे विचार करावा, असा कायदा आहे. आपल्याकडे तसे काही असते तर निदान बोलणी करायला अवधी मिळाला असता. अशिलाला खूश करण्यासाठी नसलेला हक्क या दाम्पत्याने सांगितला नाही, याचे मला विशेष वाटले.

उणिवाही आहेत. लेखी अभिप्राय ठरल्यापेक्षा बराच उशिरा आला आणि तोही जड इंग्रजीत. मराठीत मागितल्यावर एका पानाचा त्रोटक गोषवारा हाती पडला. नोटीसचे उत्तर तयार करण्याचा खर्च सल्ल्याच्या शुल्काबाहेर असतो, हे आधी सांगायला हवे होते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, ही वयस्कर भाडेकरूंसाठी खरीच अडचण आहे.

आमच्या शेजारच्या विधवा काकूंकडून मात्र त्यांनी पैसे घेतले नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, असे सांगून त्यांनी काकूंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला लावले आणि तो अर्ज स्वतः मराठीत लिहून दिला. ज्यांच्यावर अजून दावा लागलेला नाही, त्यांनी इथे अवश्य जावे; जाताना पावत्या, वीजबिले आणि नव्या मालकाकडून आलेला प्रत्येक कागद मूळ प्रतीसह न्यावा, कारण झेरॉक्सवर ते मत देत नाहीत.