हरवलेल्या वडिलांचा शोध: पुणे पोलिसांच्या सेवेचा अनुभव

विस्मरणाचा आजार असलेले माझे वडील गेल्या महिन्यात सारसबागेजवळून दिसेनासे झाले. पहिल्या ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ एवढेच ऐकवून आम्हाला परत पाठवण्यात आले; ही चूक मी क्षुल्लक मानत नाही, कारण अशा वेळी वाया गेलेला अर्धा तास फार मोठा असतो. नंतर ११२ क्रमांकावर फोन केला, तेव्हा मात्र चित्र पालटले. आलेल्या महिला हवालदारांनी आईला आधी खाली बसवले, वडिलांच्या चपलेचा रंगसुद्धा टिपून घेतला आणि त्यांचे छायाचित्र बीट मार्शलना पाठवले. दोन तासांनी वडील स्वारगेट एसटी स्थानकाच्या बाकावर सापडले. शेजारी बसलेला तरुण शिपाई त्यांना स्वतःच्या बाटलीतले पाणी पाजत होता.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६६ मध्ये रस्त्यावरील असहाय व्यक्तींना शक्य ती सर्व मदत करणे हे पोलिसांचे कर्तव्यच सांगितले आहे. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या ब्रीदातही रक्षण आधी येते, निग्रह नंतर, आणि माझ्या मते पोलिसांच्या कामाचा क्रमही हाच असावा. पाचपैकी चार तारे. राहिलेला एक त्या पहिल्या ठाण्यामुळे गेला.