मुलीसाठी सायकॉलॉजिस्ट शोधताना ४२,५५० रुपये गेले, पुण्यातल्या पालकांनी कृपया वाचा

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. लोकांचे सातबारे, पगारपत्रकं, जामीनदारांच्या सह्या तपासण्यात १४ वर्षं गेली. आणि पोटच्या पोरीला जिच्या हाती दिलं, तिचा एक कागद मी तपासला नाही.

मुलगी बारावीला. दिवाळीनंतर तिची झोप उडाली, क्लासच्या दारातून परत यायला लागली. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा म्हणाले. जिथे फोन केला तिथे पाच-सहा आठवड्यांनंतरची तारीख. ज्याचं लेकरू रात्रभर छताकडे बघत पडतं, त्याने सहा आठवडे थांबून दाखवावं. क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर कोथरूडच्या एका मॅडमचं नाव आलं, दुसऱ्याच दिवसाची वेळ मिळाली. गेलो.

पहिली भेट १,२००. 'ब्रेन मॅपिंग' ७,५००. बारा सेशनचं पॅकेज ३०,०००, सगळे आधी भरायचे. फुलांच्या अर्काच्या बाटल्या ३,८५०. ब्रेन मॅपिंग म्हणजे काय, तर दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेतले. हीच ती डीएमआयटी, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगण्याचा दावा करणारी चाचणी. ठशांवरून मेंदू कळतो याला काडीचा शास्त्रीय आधार नाही. कुणी स्कॅनर पुढे केला की उठून या.

ठसे देताना मुलगी हळूच म्हणाली, "आई, हे आधार कार्डासारखंच आहे. मला काय होतंय ते अजून कुणी विचारलंच नाही." मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. ते तिचे डोळे अजून समोरून जात नाहीत. त्यानंतर मी आरसीआय नंबर, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी क्रमांक, विचारला होता, अगदीच विचारला नाही असं नाही. "रिन्यूअलला दिलाय," म्हणत मॅडमनी भिंतीवरची फ्रेम दाखवली. सोनेरी शिक्का, वर 'इंटरनॅशनल', आणि खाली बारीक अक्षरात कोर्सचा कालावधी: तीन दिवस. मी ते वाचलं. वाचूनही पैसे भरले. एखादा कर्जदार 'कागद रिन्यूअलला आहे' म्हणाला असता, तर मी फाईल तिथेच मिटली असती.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत लागते. नुसतं एम.ए. पुरत नाही. नाव ऑनलाइन शोधता येतं, रिसेप्शनवर बसल्या बसल्या शोधा. काउन्सेलर वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण चांगला काउन्सेलर स्वतःला क्लिनिकल म्हणवत नाही.

पाचव्या सेशनला मॅडमनी सांगितलं, गोळ्या बंद करा, बाटल्या पुरेशा आहेत. आम्ही ऐकलं. तीन रात्री मुलगी झोपली नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून गोळी बंद करू नका. सायकॉलॉजिस्टला तो अधिकारच नाही, खरा असला तरी.

उरलेल्या सात सेशनचे १७,५०० मागितले तर पावती पुढे केली: 'वेलनेस प्रोग्राम, नॉन-रिफंडेबल'. उपचार हा शब्द कुठेच नाही. पावतीवर काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा.

पोलीस चौकीत दीड तास बाकावर बसवलं. मग, "मॅडम, तुम्हीच गूगल पे केलंत ना? दिवाणी प्रकरण आहे." एका सरकारी कार्यालयात म्हणाले, हा दवाखाना नाही, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, ही डॉक्टर नाही, आमच्याकडे येत नाही. डॉक्टर नाही हीच तर माझी तक्रार! अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. ऑनलाइन तक्रार ४७ दिवस 'प्रक्रियेत' आहे. बरं, कायदा नाही असंही नाही. १९९२च्या पुनर्वास परिषद कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार. तिची एका भेटीची फी त्याहून जास्त आहे.

तारीख लांबची मिळाली तर मधल्या काळात १४४१६ला फोन करा. टेली-मानस, सरकारी, मोफत, चोवीस तास. मला हा नंबर तेव्हा कुणी सांगितला नाही.

मुलीच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. नोंदणी असलेल्या मॅडमकडची तारीख शेवटी आली, पहिला पाऊण तास त्या फक्त तिच्याशी बोलल्या, मी बाहेर. ग्राहक आयोगाचा अर्ज तयार आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही, हेही मला कुठल्या कार्यालयाने नाही, झेरॉक्सच्या दुकानात भेटलेल्या एका वकिलाच्या कारकुनाने सांगितलं.